तांबूस ओघळाचा माग: कमोडमधील गंजाच्या हट्टी डागाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पाच माणसांच्या एका कुटुंबातील आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. घटनांचा क्रम मात्र बदललेला नाही. घरात दोन शौचालये आहेत आणि दोन्हींत चिनी मातीची, पांढऱ्या झिलईची, एकाच वेळी बसवलेली कमोडची भांडी आहेत. पाणी बोअरवेलचे आहे. पंपाने वर आलेले पाणी उघड्या साठवण टाकीत न जाता एका बंद दाबटाकीत शिरते आणि तिथून थेट नळांना व फ्लशच्या टाक्यांना जाते. ही मांडणी वरवर किरकोळ वाटली तरी पुढे तीच महत्त्वाची ठरली, कारण या घरातल्या पाण्याची हवेशी गाठ पहिल्यांदा पडते ती नळाच्या तोंडाशी किंवा फ्लशच्या टाकीत.

रोजच्या वापरातल्या शौचालयात सुमारे दीड वर्षापासून एक तांबूस ओघळ दिसत होता. तो भांड्याच्या मागच्या बाजूला, कडेखालच्या छिद्रांपासून निघून पाण्यापर्यंत उतरत होता. सुरुवातीला तो बोटाएवढा रुंद आणि फिकट पिवळा होता. आम्हाला पाहणीसाठी बोलावले तोवर तो तळहाताएवढा पसरून गडद विटकरी झाला होता, आणि त्यावरून बोट फिरवले तर कागदावर वाळलेल्या गोंदासारखा खरबरीत लागत होता. दुसरे शौचालय क्वचित वापरले जाई. तिथे असा ओघळ नव्हता. पाण्याच्या पातळीवर फक्त एक बारीक तपकिरी कडे उमटले होते.

समस्या

कुटुंबाची तक्रार सरळ होती: डाग जात नाही. त्यांनी जे जे करून पाहिले होते त्याची यादी ऐकताना मात्र प्रश्न निराळाच असल्याचे जाणवू लागले. एकाच बोअरचे पाणी, एकाच जातीची दोन भांडी, आणि तरी एकात ओघळ व दुसऱ्यात नुसते कडे, असे का व्हावे? दोष केवळ पाण्यात असता तर दोन्हीकडे डागाचा आकार साधारण सारखा असायला हवा होता. हा फरक घरातल्या कोणाच्या नजरेतून सुटला नव्हता. तो उपयोगाचा आहे असे मात्र कोणालाही वाटले नव्हते. ‘ते जास्त वापरतो म्हणून जास्त खराब होते’ या स्पष्टीकरणावर सगळे समाधानी होते.

आधी झालेले प्रयत्न

आम्ही पोहोचण्यापूर्वी तीन प्रयत्न झाले होते आणि तिन्हींनी परिस्थिती थोडीथोडी बिघडवली होती.

पहिला प्रयत्न ब्लीचचा. घरातल्या सूनबाईंनी रात्री भांड्यात भरपूर ब्लीच ओतून ठेवले. सकाळी भांड्याचा उरलेला भाग लखलखीत झाला, पण ओघळ आधीपेक्षा गडद दिसू लागला. यात नवल काही नव्हते. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते सेंद्रिय रंग उडवते, जंतू मारते आणि ज्याच्याशी गाठ पडेल त्याचे ऑक्सिडीकरण करते. गंज हा आधीच ऑक्सिडीकरण झालेल्या लोहाचा साका असल्याने त्याला ब्लीच विरघळवू शकत नाही. उलट पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत जे काही लोह शिल्लक असते तेही ब्लीचमुळे झपाट्याने गंजाच्या रूपात बाहेर पडते आणि जुन्या थरावर नवा थर बसतो.

दुसरा प्रयत्न धोकादायक ठरला. ब्लीचने काम झाले नाही म्हणून थोरल्या मुलाने दुपारी हायड्रोक्लोरिक ॲसिड असलेले शौचालय साफ करण्याचे द्रव ओतले. मधे दोनदा फ्लश केले होते, त्यामुळे ब्लीच वाहून गेले असणार असा त्याचा हिशेब होता. काही क्षणांतच तिखट, घसा धरणारा वास आला, डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि तो खोकत बाहेर पडला. सुदैवाने त्याने दार उघडे ठेवले, खिडकी बाहेरून ढकलून उघडली आणि अर्धा तास कोणाला आत जाऊ दिले नाही. खोकला संध्याकाळपर्यंत थांबला. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दोनदा फ्लश करूनही तो का सुटला, याचे उत्तर त्या वेळी कोणाकडे नव्हते. ते पुढे टाकीचे झाकण काढल्यावर मिळाले.

तिसरा प्रयत्न बळाचा. तारेच्या ब्रशने ओघळ घासण्यात आला. वरचा काही थर निघाला, पण झिलईवर बारीक ओरखडे उमटले, आणि ब्रशच्या पोलादी तारांचे कण त्या ओरखड्यांत अडकून आठवड्याभरात स्वतःच गंजले. भांड्याची झिलई म्हणजे मुळात काचेचा पातळ थर असतो. तो अखंड असतो तोवर डागाला धरून ठेवायला जागाच नसते. एकदा खरवडला गेला की पुढचा प्रत्येक डाग तिथे अधिक घट्ट बसतो. या प्रकरणातले कायमचे म्हणावे असे नुकसान याच दुपारचे आहे.

निदान

आम्ही पहिल्या भेटीत डागाला हातच लावला नाही. कुटुंबाला हे थोडे विचित्र वाटले, कारण लवकरच त्यांच्याकडे एक घरगुती समारंभ होता. तरीही आधी चार गोष्टी तपासायचे ठरले.

पहिली तपासणी पाण्याची. पंप चालू असताना नळ काही मिनिटे वाहू देऊन एका स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी भरले आणि ती खिडकीत उघडी ठेवली. भरताना पाणी नितळ होते. संध्याकाळपर्यंत त्यात पिवळसर झाक आली आणि दुसऱ्या सकाळी तळाशी तपकिरी गाळ बसला. ही साधी चाचणी फार काही सांगून जाते. पाणी नळातूनच तांबडे आले असते, विशेषतः सकाळच्या पहिल्या धारेला, तर संशय गंजलेल्या लोखंडी पाइपांवर गेला असता. ते नितळ येऊन नंतर तांबडे होते याचा अर्थ लोह जमिनीतूनच विरघळलेल्या, रंगहीन अवस्थेत येते आणि हवा लागल्यावर गंज बनून बाहेर पडते. जमिनीखाली प्राणवायू नसल्याने लोह फेरस रूपात विरघळून राहू शकते. हवेतल्या प्राणवायूने त्याचे फेरिक रूप होते आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

दुसरी तपासणी प्रयोगशाळेतली. इथे आमच्याकडूनच एक चूक झाली. नमुना साध्या बाटलीत भरून दोन दिवसांनी दिला गेला आणि अहवालात लोह जवळजवळ नगण्य आले. बाटलीच्या आतल्या बाजूला तांबूस थर चिकटलेला दिसल्यावर कारण उमगले: लोह बाटलीलाच चिकटून राहिले होते आणि वरचे नितळ पाणी तपासले गेले होते. दुसऱ्या वेळी प्रयोगशाळेकडून, आम्ल घातलेली बाटली घेतली, कारण आम्लात लोह विरघळलेलेच राहते. या वेळी लोह लिटरमागे ०.७ मिलीग्रॅम आणि पीएच (आम्लता दाखवणारा अंक; तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्ल) ६.६ आला; पाणी कठीणही होते. लोहाचे प्रमाण लिटरमागे ०.३ मिलीग्रॅमच्या वर गेले की कपडे आणि शौचालयाची भांडी डागाळू लागतात असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे पाण्यात लोह होते, पण भयंकर म्हणावे इतके नव्हते. एवढ्याशा लोहाने दीड वर्षात असा ओघळ तयार व्हावा, हे पुरते पटत नव्हते.

तिसरी तपासणी फ्लशच्या टाकीची, आणि इथे गाठ सुटली. झाकण काढल्यावर तळाशी बोटभर तांबूस गाळ होता. त्याचा चिकट, शेवाळासारखा स्पर्श होत नव्हता. तो बारीक पुडीसारखा होता, त्यामुळे लोहजीवाणूंचा (लोहावर वाढून चिकट थर तयार करणाऱ्या जीवाणूंचा) प्रादुर्भाव असण्याची शंका मागे पडली. टाकी भांड्याला जोडणाऱ्या बोल्टांवर आधीच्या प्लंबरने बोट ठेवले होते. त्यांना लोहचुंबक लावून पाहिले, तो चिकटला नाही. बोल्ट पितळी होते आणि त्यांच्यावरचा गंज बाहेरून येऊन बसलेला होता. मग नजर गेली कोपऱ्यात ठेवलेल्या निळ्या वडीकडे. भांडे स्वच्छ राहावे म्हणून टाकीत सोडायची ही वडी क्लोरीन सोडणारी होती, आणि गेली दोन वर्षे ती न चुकता बदलली जात होती. क्वचित वापराच्या शौचालयात मात्र अशी वडी कधीच टाकलेली नव्हती.

दोनदा फ्लश करूनही क्लोरीन का सुटला, त्याचे उत्तर हेच होते. प्रत्येक फ्लशबरोबर टाकीतले क्लोरीनयुक्त पाणी नव्याने भांड्यात येत होते. ओतलेले ब्लीच वाहून गेले तरी वडी जागेवरच होती, आणि मुलाने ॲसिड ओतले ते त्या पाण्यात.

चौथी तपासणी गळतीची. टाकीचा अँगल कॉक (टाकीत येणारे पाणी बंद करण्याची चावी) बंद करून आतल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि तासाभराने पाहिले. पातळी १ सेंटिमीटर उतरली होती. टाकीचा आतला आडवा छेद साधारण ४० बाय १५ सेंटिमीटर, म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर होता. त्यामुळे तासाला ६०० मिलीलिटर, दिवसाला जवळजवळ साडेचौदा लिटर पाणी कोणी फ्लश न करताही भांड्यात उतरत होते. आवाज नाही, हालचाल नाही. मागच्या छिद्रांतून एक पातळ पदर सतत सरकत होता. टाकीत खाण्याचा रंग टाकून ठेवला तेव्हा वीस मिनिटांत तो नेमका त्या तांबूस ओघळाच्या वाटेनेच खाली आला. तळाची रबरी झडप काढून पाहिली तर तिची कड कडक होऊन वाकली होती आणि बोटांना काळे लागत होते. क्लोरीनच्या वड्यांनी रबर असे खराब होते, ही गोष्ट प्लंबिंगच्या कामातल्या लोकांना चांगली माहीत असते. वडी विकत घेणाऱ्याला ती सहसा कोणी सांगत नाही.

आता साखळी जुळली. डाग पडू नये म्हणून टाकलेल्या वडीने झडप खराब केली, झडप गळू लागली आणि गळतीच्या पाण्याने डाग पाडला. इथे प्रमाणाचा एक मुद्दा नोंदवण्यासारखा आहे. दर फ्लशला ६ लिटर आणि दिवसाला वीस फ्लश धरले तर १२० लिटर पाणी याच भांड्यातून जात होते, म्हणजे गळतीच्या आठपटीहून अधिक. तरी डाग गळतीने पाडला, कारण फ्लशचे पाणी काही सेकंदांत निघून जाते, तर गळतीचा पातळ पदर हवेत उघडा पडून हळूहळू उतरतो. अशा पदरातून पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला की फेरस लोहाच्या ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे शंभर पटींनी वाढतो; शिवाय त्याच कारणाने कठीण पाण्यातला चुनाही तिथेच बसू लागतो. साडेचौदा लिटरांतून रोज सुमारे १० मिलीग्रॅम लोह त्या वाटेने जात होते. त्यातले थोडेसेच चिकटले तरी दीड वर्ष हा काही लहान काळ नव्हे.

दुसऱ्या शौचालयातले कडेही यातूनच समजले. तिथे गळती नव्हती, पण पाणी दिवसेंदिवस स्थिर राहत होते. पृष्ठभागावर हवा लागून गंज तयार होत होता आणि पाणी आटताना तो कडेने बसत होता.

विचारात घेतलेले पर्याय

डागाच्या एका कोपऱ्यावर सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाचा थेंब टाकला तेव्हा बारीक बुडबुडे आले. म्हणजे डाग निव्वळ गंजाचा नव्हता. चुन्याच्या थरात गंज कोंडलेला होता. यामुळे पर्यायांचा विचार बदलला, कारण एकाच औषधाने दोन्ही सुटतीलच असे नव्हते.

भांडे बदलणे हा कुटुंबाने स्वतः सुचवलेला पर्याय होता. गळती तशीच राहिली असती तर नव्या भांड्यावरही वर्षभरात ओघळ आला असता, म्हणून तो बाजूला ठेवला.

हायड्रोक्लोरिक ॲसिडचे द्रव चुना आणि गंज दोन्ही विरघळवते आणि अखंड झिलईला इजा करत नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर वडी नसलेल्या, हवेशीर शौचालयात आम्ही कदाचित तोच पर्याय निवडला असता. इथे दोन अडचणी होत्या. त्याच्या वाफांनी धातूच्या जोडण्या आणि फरशीच्या सांध्यांतले सिमेंट खराब होते; आणि ज्या घरात काही दिवसांपूर्वीच क्लोरीनने कोणाचा तरी घसा धरला होता तिथे तीच बाटली पुन्हा हातात देणे आम्हाला योग्य वाटले नाही.

फ्लोराइड असलेले गंज काढणारे द्रव मुलाने शोधून आणले होते. ते आम्ही उघडूही दिले नाही. हायड्रोफ्लोरिक ॲसिड काचेला खाते, म्हणजे झिलईलाही. आणि ते कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला बांधते, तेही अनेकदा सुरुवातीला फारशी आग न होता. घरगुती कामात त्याला जागा नाही.

प्युमिस दगड ओला करून हलक्या हाताने चालवला तर चुन्याचा थर खरवडता येतो, पण त्याचा कठीणपणा झिलईच्या फार खाली नाही. आधीच ओरखडे पडलेल्या भांड्यावर हा जुगार नको होता. व्हिनेगर निरुपद्रवी आहे. चुन्यावर ते हळूहळू चालते, जुन्या गंजावर मात्र जवळजवळ नाहीच.

उरले दोन: सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, आणि ऑक्झॅलिक ॲसिड. दोन्ही लोहाच्या अणूला कवटाळून पाण्यात विरघळणारे संयुग बनवतात, त्यामुळे गंज नुसता सैल न होता वाहून जातो. सायट्रिक सौम्य आहे आणि चुनाही विरघळवते. ऑक्झॅलिक गंजावर अधिक प्रभावी आहे, पण ते विषारी आहे, पोटात गेल्यास मूत्रपिंडांना इजा करते. शिवाय चुन्याशी गाठ पडली की कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा, न विरघळणारा साका तयार होतो. थेट ऑक्झॅलिक लावले असते तर तांबड्या डागावर पांढरा मुलामा चढला असता आणि आतला गंज सुरक्षित राहिला असता. म्हणून आधी सायट्रिकने चुना काढायचा आणि मग उरलेल्या गंजावर ऑक्झॅलिक, हा क्रम ठरला.

केलेली कृती

कुटुंबाशी खरा मतभेद झाला तो झडपेवरून. त्या मापाची झडप मिळायला आठवडा लागणार होता आणि समारंभ दहा दिवसांवर होता. आमचे म्हणणे होते की आधी गळती थांबवावी आणि मग डाग काढावा. कुटुंबाला डाग आधी घालवायला हवा होता. शेवटी त्यांच्या सोयीने ठरले, मात्र एका अटीवर: वडी त्याच दिवशी काढायची आणि दोन दिवस नेहमीसारखे फ्लश होऊ द्यायचे, म्हणजे टाकीत क्लोरीनचा अंश उरणार नाही. ही अट वाटाघाटीची नव्हती.

तिसऱ्या दिवशी अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली. त्यामुळे गळतीचा पदरही थांबला. तळाचा गाळ स्पंजने टिपून काढला. ब्रशने भांड्यातले पाणी नळीत ढकलून पातळी शक्य तेवढी खाली आणली, कारण भांड्यात पाणी असताना ओतलेले कोणतेही द्रावण आपोआप पातळ होते आणि ओघळाच्या वरच्या भागापर्यंत तर पोहोचतच नाही. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवले. उकळते पाणी मुद्दाम टाळले: एक तर थंड चिनी मातीला ते तडा देऊ शकते, आणि दुसरे म्हणजे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे चुना सुटण्याऐवजी पुन्हा पांढरा साका बसू शकतो.

उभ्या भिंतीवर द्रावण टिकत नाही, म्हणून टिश्यू पेपरच्या पट्ट्या द्रावणात भिजवून ओघळावर एकावर एक चिकटवल्या, कडेखालच्या छिद्रांतही छोटे बोळे सरकवले आणि वरून प्लास्टिकचा पातळ कागद लावला, म्हणजे पट्ट्या वाळणार नाहीत. चार तासांनी पट्ट्या काढल्या तेव्हा त्या पिवळ्या झाल्या होत्या आणि ओघळाचा खरबरीतपणा बराच गेला होता. नायलॉनच्या ब्रशने घासून, पट्ट्या कचऱ्यात टाकून, हाच फेरा संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा केला. तिसऱ्या फेऱ्यात बुडबुडे येणे थांबले, म्हणजे चुना संपला असे धरले. रंग विटकरीवरून गव्हाळ पिवळ्यावर आला होता.

इथे थांबावे का, हा दुसरा निर्णयाचा क्षण होता. समारंभापुरते एवढे पुरेसे होते. ऑक्झॅलिकचा धोका पत्करायचा का, यावर थोडी चर्चा झाली. घरात लहान मूल असल्याने पुडी घरी ठेवायची नाही, लागेल तेवढीच आम्ही आणायची आणि उरलेली परत न्यायची, या बोलीवर काम पुढे गेले. भांडे भरपूर पाण्याने धुऊन घेतले. रबरी हातमोजे आणि चष्मा लावून, खिडकी उघडी ठेवून, लिटरमागे ५० ग्रॅमचे द्रावण त्याच पद्धतीने पट्ट्यांवर लावले आणि पाऊण तास ठेवले. पिवळी झाक डोळ्यांदेखत उतरत गेली. नंतर कॉक उघडून पाच-सहा वेळा फ्लश केले.

टाकीत मात्र कोणतेही ॲसिड घातले नाही. तिथल्या रबराला आणि धातूच्या भागांना त्याची गरज नव्हती. स्पंज आणि साधे पाणी पुरेसे झाले.

परिणाम

समारंभाच्या दिवशी भांडे स्वच्छ होते आणि कुटुंब खूश होते. डाग काढल्यापासून अकराव्या दिवशी त्याच जागी एक फिकट पिवळी रेघ पुन्हा उमटली. झडप आली होती, पण समारंभाच्या धांदलीत बसवायची राहून गेली होती. नवा थर ताजा असल्याने सायट्रिकच्या एकाच फेऱ्यात, अर्ध्या तासात गेला. गंज जसजसा जुना होतो तसतसे त्याचे स्फटिक पक्के होत जातात आणि विरघळायला वेळ घेतात. दीड वर्षाच्या डागाला दोन दिवस लागले आणि अकरा दिवसांच्या डागाला अर्धा तास, हा फरक घरच्यांना कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा जास्त पटला. त्याच दुपारी झडप बसली.

तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा ओघळ नव्हता. पाण्याच्या पातळीवर बारीक पिवळसर कडे धरू लागले होते, ते महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाने काढले जाते. तारेच्या ब्रशने ओरखडलेल्या जागी, साधारण रुपयाएवढा, राखाडी-पिवळा ठिपका कायम आहे. तो काढण्यासाठी आणखी काही करायचे नाही असे ठरले, कारण घासण्याने ओरखडे वाढतील आणि ॲसिडचे काम तिथे संपलेले आहे. दुसऱ्या शौचालयात आठवड्यातून दोनदा नुसते फ्लश करायचे ठरले. तेवढ्याने तिथले कडे धरायचे जवळजवळ थांबले.

काय वेगळे करता आले असते

झडप आधी आणि डाग नंतर, हा क्रम आम्ही अधिक आग्रहाने धरायला हवा होता. कदाचित मधला मार्गही होता: झडप येईपर्यंत कॉक बंद ठेवून गरजेपुरताच उघडायचा. तो त्या वेळी सुचला नाही.

पाण्याचा नमुना चुकीच्या बाटलीत दिल्याने आठवडा वाया गेला. त्याहून वाईट म्हणजे पहिल्या अहवालावर विसंबलो असतो तर ‘पाण्यात लोह नाही’ असे मानून पाइप उकरायला निघालो असतो. काचेच्या बाटलीतला गाळ डोळ्यांसमोर असताना कागदावरचा आकडा त्याच्याशी जुळत नाही, हे आमच्या आणखी लवकर लक्षात यायला हवे होते.

कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर टाकीचे झाकण दीड वर्षात एकदाही उचलले गेले नव्हते. म्हणजे दर महिन्याला वडी टाकण्यापुरते उचलले जाई, पण आत पाहिले जात नव्हते. ॲसिडच्या प्रसंगात बाटलीवरची सूचना वाचलेली होती आणि ती पाळल्याची मुलाची खात्रीही होती. वडीच्या वेष्टनावर ती क्लोरीन सोडते एवढे छापलेले होते; पण सफाईचे द्रव आणि वडी या दोन वस्तू एकाच भांड्यात भेटतात, हे दोन वेगळ्या वेष्टनांवरून कळणे अवघड होते.

एका निर्णयाबद्दल आमचे अजून एकमत नाही. पाण्यातले लोह घरात शिरण्यापूर्वीच काढणारी यंत्रणा, म्हणजे आधी हवा मिसळून मग गाळणारी, बसवावी की नाही? ०.७ मिलीग्रॅमला ती लागू पडते, आणि कपड्यांवरची पिवळी झाकही तिने जाईल. पण कमी पीएचमुळे ऑक्सिडीकरण सावकाश होते, म्हणून आधी पीएच चढवावा लागेल, आणि गाळणीची उलट धुलाई (उलट दिशेने पाणी सोडून अडकलेला गाळ काढणे) नियमाने करावी लागेल. पाण्याचे कठीणपण घालवणारा सॉफ्टनर थोडे विरघळलेले लोह धरतो, पण गंज आतच तयार झाला तर तो बुजतो. केवळ कमोडच्या डागासाठी एवढा पसारा मांडणे आम्हाला जास्त वाटले. घरातल्या सूनबाईंना, ज्या कपडे धुतात, तसे वाटत नाही.

तोवर टाकीच्या आतल्या भिंतीवरची पेन्सिलीची रेघ तशीच ठेवली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी थोरला मुलगा कॉक बंद करून तासाभराने पातळी पाहतो आणि वहीत लिहितो. शेवटच्या नोंदीपर्यंत पाणी रेघेवरून हललेले नाही.